पहिली नोकरी, हिंजवडी, सहा लाखांचं पॅकेज : महिन्याचा हिशेब कसा बसवायचा?

(ऑनलाइन चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पंढरपूरची पोर

येत्या २० तारखेला हिंजवडी फेज २ मधल्या एका कंपनीत रुजू व्हायचं आहे. पहिलीच पूर्णवेळ नोकरी. ऑफर लेटरवर सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ६,००,०००, त्यातले ६०,००० व्हेरिएबल. बेसिक महिना २५,०००. शैक्षणिक कर्ज ४ लाख, व्याज १० टक्के, सात वर्षांत फेडायचं, हप्ता नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी सुरू. वडील सहकर्जदार आहेत. घरी दर महिन्याला ५,००० पाठवायचे हे पक्कं आहे, त्यावर चर्चा नको, बाकी सगळ्यावर चालेल.

मी महिना ५०,००० धरून ५०-३०-२० च्या नियमाने मांडणी केली : २५,००० गरजा, १५,००० हौस, १०,००० बचत. कागदावर इतकं छान बसलंय की शंका येतेय. हातात नक्की किती येतील? पीजी घ्यावा की दोन मैत्रिणींबरोबर वाकडला टू बीएचके? स्कूटर हप्त्यावर घ्यावी का? आणि ओळखीचे एक काका "पगार सुरू झाला की लगेच पॉलिसी काढू" म्हणून आतापासूनच मागे लागलेत, त्यांना काय सांगू?

पगारपत्रक

सगळ्यात आधी ५०,००० हा आकडा खोडा. सीटीसीला बारानं भागून पगार निघत नाही, कारण कंपनी तुमच्यावर जो जो खर्च करते तो सगळा त्यात घातलेला असतो.

तुमच्या आकड्यांवरच करून दाखवतो. सहा लाखांतून व्हेरिएबलचे ६०,००० बाजूला काढा. ते वर्षाअखेरीस किंवा तिमाहीला येतात, कंपनीच्या आणि तुमच्या रेटिंगवर कमी-जास्त होतात, आणि पहिल्या वर्षी जितके महिने काम केलं तितक्यांचेच मिळतात. पीएफमधला कंपनीचा वाटाही सीटीसीतच असतो. तो १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील तर महिना १,८००, म्हणजे वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाला १४,४३०. ही रक्कम दाखवतात दर वर्षी, पण कायम नोकरीत हातात पडते ती साधारण पाच वर्षं पूर्ण केल्यावर. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता ६,००० धरू. उरले ४,९७,९७०. महिन्याला ४१,४९७. हा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार.

त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा. हातात ३९,४९७. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, वर्षाचे २,५०० पूर्ण करायला. जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधीची किरकोळ कपात दिसेल, ती चूक नव्हे.

आता महत्त्वाचं. काही कंपन्या पीएफ १५,००० वर न कापता पूर्ण बेसिकवर कापतात. तुमच्या बाबतीत ते दोन्ही बाजूंनी ३,०००-३,००० होतील आणि हातात येतील ३७,१०० च्या आसपास. तब्बल २,४०० चा फरक. पैसे तुमचेच, पण भाडं त्यातून देता येत नाही. एचआरला मेल करून एकच प्रश्न विचारा : पीएफ कपात मर्यादेवर की पूर्ण बेसिकवर? जमलं तर नमुना पगारस्लिप मागा. बहुतेक ठिकाणी देतात.

आयकराची काळजी नको. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून पगारदारांना १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) शून्य. पण कर शून्य म्हणजे रिटर्न नको असं नाही. पूर्ण वर्षाचा पगार धरला की तुमचं उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेवर जातं, तेव्हा रिटर्न भरावाच लागेल. पॅन वेळेत जोडा, नाहीतर २० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो.

आणखी एक सापळा तारखेचा. २० तारखेला रुजू होताय. बहुतेक कंपन्यांत पगाराची यादी महिन्याच्या १५ ते २० च्या दरम्यान बंद होते. तुमचं नाव त्यात गेलं नाही तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या शेवटी, म्हणजे रुजू झाल्यापासून चाळीसेक दिवसांनी. तो येईल ५४ हजारांच्या आसपास, कारण आधीचे दहा-अकरा दिवस त्यात धरलेले असतील. तो आकडा बघून हुरळून जाऊ नका आणि त्यावर कुठलाही हप्ता बांधून घेऊ नका.

वाकडकर

घराचं सांगतो. इथली गडबड भाड्यात नाही, पहिल्या महिन्याच्या रोखीत आहे.

वाकडला बऱ्या सोसायटीत सेमी-फर्निश्ड टू बीएचके ३०,००० ला धरा. तिघीत प्रत्येकी १०,०००. डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ९०,०००, तुमच्या वाट्याला ३०,०००. एजंटकडून घेतलं तर ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, परत १०,०००. करारनामा, गादी, बादल्या, पडदे, गॅसची शेगडी यात पाच-सहा हजार जातातच. पहिलं भाडं आगाऊ. पहिला पगार यायच्या आत तुमच्या एकटीचे ५५-५६ हजार गेले, आणि चाळीस दिवसांचं खाणं-पिणं, जाणं-येणं अजून धरलेलं नाही.

म्हणून पहिले दोन-तीन महिने पीजी घ्या. दोघींची खोली, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून ११,००० च्या आसपास मिळावी. डिपॉझिट एक महिन्याचं. तोवर ऑफिस कुठल्या बिल्डिंगमध्ये, शिफ्ट कुठली, मैत्रिणींची प्रोजेक्टं पुण्यातच राहतात का, सगळं कळेल. कुणाला बंगळुरूचं बोलावणं आलं तर टू बीएचकेचा तिसरा वाटा तुमच्या दोघींच्या डोक्यावर.

पीजीत तीन गोष्टी आधीच विचारायच्या. लॉक-इन (ज्याआधी जागा सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचा? नोटीस महिन्यातल्या कुठल्याही दिवशी चालते की फक्त १ तारखेपासून धरतात? ५ तारखेला नोटीस दिलीत आणि नियम १ तारखेचा असेल तर जवळजवळ दोन महिन्यांचं भाडं जातं. तिसरं, डिपॉझिटमधून मेंटेनन्सच्या नावाखाली किती कापतात? उत्तर तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पावती नाही देत म्हणाले तर दुसरा पीजी बघा, वाकडात पीजींचा तुटवडा नाही.

फ्लॅट घ्याल तेव्हा करार लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीचा भाडेकरार) आणि नोंदणी केलेलाच. महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करायची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के काल्पनिक व्याज धरून. ३०,००० भाडं, ११ महिने, ९०,००० डिपॉझिट : साधारण ८५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट त्यावर आपली मजुरी लावतो, ती वेगळी. पण "सरकारी खर्चच चार हजार आहे" असं कुणी सांगितलं तर हा हिशेब पुढे करा. तिघींचीही नावं करारात घ्या. ज्यांची नावं नसतात त्यांना डिपॉझिट मागायचा हक्क सिद्ध करणं अवघड जातं, आणि पोलीस पडताळणीतही नाव लागत नाही.

किल्ली घेतानाच महावितरणच्या मीटरचं रीडिंग, भिंती, नळ, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या यांचे फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. जुनं वीजबिल थकलेलं नाही ना, ते ग्राहक क्रमांक टाकून ऑनलाइन दिसतं. पाइप गॅस असेल तर त्याचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे एका महिन्यात खर्च नाही असं वाटून पुढच्या महिन्यात दणका बसतो. घर भाड्याने दिलं की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलेलं शुल्क) लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत आणि देणं मालकाचं काम. करारात तसं लिहून घ्या. रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापायची पद्धत आहे, ती रक्कमही आत्ताच लिहून घ्या, सोडताना वाद नको.

विजेचं गणित : २,००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. तिघी रोज पंधरा-पंधरा मिनिटं लावणार, म्हणजे महिन्याला ४५ युनिट नुसत्या आंघोळीचे. १०० युनिटांच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर बराच चढतो, त्यामुळे बिल वापराच्या प्रमाणात वाढत नाही, उडी मारतं.

सदाशिवपेठी

हिंजवडीत नोकरी म्हणून तिथेच राहायचं हे गृहीत धरलेलं दिसतं. पेठांत आजही कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरत्या) जागा मिळतात आणि स्वस्त मिळतात. पण शनिवार पेठेतून फेज २ म्हणजे रोज तीन तास रस्त्यावर, तेव्हा हा विचार तुमच्यापुरता सोडून द्या. लिहिलं एवढ्यासाठीच की उद्या ऑफिस कॅम्पात किंवा स्वारगेटजवळ आलं तर लक्षात असू द्या.

मेस आणि डब्याबद्दल मात्र ऐका, कारण पैसे तिथेच गळतात. दोन वेळचा डबा महिना ३,५०० च्या आसपास धरला तर त्यात रविवारी संध्याकाळ नसते. सणाला मेसवाले गावी जातात. दुपारी तुम्ही कँटीनमध्ये खाणार असाल तर दोन वेळचा डबा लावूच नका, रात्रीचा एकच लावा. खाडे कसे धरतात हे पहिल्या दिवशी विचारा. साधारण नियम असा की सलग तीन किंवा जास्त दिवस जेवणार नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच खाडा मोजतात, आणि त्याचे पैसे परत देत नाहीत, महिना पुढे ढकलतात. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याचे दोनच दिवस होतात, म्हणजे खाडा शून्य. महिन्यातून दोनदा पंढरपूरला जाणार असाल तर महिन्याच्या दरापेक्षा कूपनची मेस परवडते. कूपनचा दर ताटामागे जास्त, पण न खाल्लेल्या ताटाचे पैसे जात नाहीत. कूपनची मुदत तेवढी बघून घ्या.

रात्री साडेदहाला ॲपवरून मागवलेली बिर्याणी : पदार्थाचे पैसे, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी, डिलिव्हरी, कर. अडीचशेची वस्तू साडेतीनशेला. आठवड्यातून दोनदा झालं की डब्याएवढाच खर्च, आणि डबा कट्ट्यावर तसाच. शिजवलेला भातही मग भांडं घासणाऱ्या मावशींच्याच वाट्याला.

जमाखर्च

आता पूर्ण महिना मांडतो. हातात ३९,५०० धरून, फ्लॅटमध्ये गेल्यावरचा, कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावरचा. अवघड महिन्याचं बजेट जमलं की सोपे महिने आपोआप निघतात.

भाड्याचा वाटा १०,०००
वीज, नेट, गॅस, पाण्याचे जार, मावशी २,०००
जेवण, नाश्ता, चहा धरून ६,५००
रोजचा प्रवास २,०००
मोबाइल ३५०
कर्जाचा हप्ता ६,६४०
घरी ५,०००
पंढरपूरला दोन फेऱ्या ७००
वार्षिक खर्चाचा डबा १,५००
अडीअडचणीचा निधी ३,०००
हातखर्च १,८१०

बेरीज ३९,५००. हप्ता ४ लाखांवर १० टक्क्यांनी ८४ महिन्यांचा ६,६४० येतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून ७०० मध्ये दोन फेऱ्या बसतात. खासगी बसने दिवाळीत गेलात तर एकाच फेरीत ही रक्कम संपेल.

५०-३०-२० चा नियम इथे का मोडतो ते बघा. घर, जेवण, प्रवास, मोबाइल आणि हप्ता मिळून २७,४९०. हातातल्या पगाराचे जवळजवळ ७० टक्के. घरी पाठवायचे धरले तर ८२. पंधरा हजार हौसेला कुठून येणार? नियम वाईट नाही, पण परगावी भाड्याने राहणाऱ्या, कर्ज असलेल्या पहिल्या पगारासाठी तो बनलेला नाही. टक्के सोडा, तारखा धरा.

पगार महिनाअखेरीस येत असेल तर २ तारखेला भाडं, ३ ला घरी, ५ ला कर्जाचा हप्ता, ५ लाच निधीचं आरडी (दरमहा ठराविक रक्कम भरायची ठेव). पहिल्या पाच दिवसांत सगळं मोठं गेलं पाहिजे. बँकेने हप्त्याची तारीख १ दिली असेल तर ५ किंवा ७ मागून घ्या. महिनाअखेरीला रविवार, बँक सुट्टी असं काही आलं, पगार एक दिवस लांबला, की १ तारखेचा हप्ता परत जातो. तुमची बँक दंड लावते, कर्ज देणारी वेगळा लावते, आणि क्रेडिट स्कोअरवर डाग. खात्यात पैसे नव्हते तो कालावधी फक्त बारा तासांचा असला तरी.

वार्षिक डबा लोक विसरतात. दिवाळी ६,०००, लग्नसराईतले आहेर ३,०००, कपडे-बूट ४,०००, दात-चष्मा-दवाखाना ३,०००, गाडी आल्यास विमा-पीयूसी वगैरे २,०००. झाले १८,०००, महिना १,५००. हे खर्च अचानक येत नाहीत, कॅलेंडरवर छापलेले असतात. तरी नोव्हेंबरात सगळ्यांची ओढाताण होतेच.

हातखर्च वेगळा ठेवायला यूपीआय लाइट वापरा. त्यात एका वेळी ५,००० पर्यंत शिल्लक ठेवता येते आणि १,००० पर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात. दर सोमवारी चहा-नाश्ता, भाजी, रिक्षा, हातखर्च मिळून १,५०० भरा. संपले की पुढच्या सोमवारपर्यंत थांबा. ऑटो टॉप-अप आठवणीने बंद ठेवा, नाहीतर सगळा हेतूच बुडतो. दुसरा फायदा असा की पासबुकात वीस-वीस रुपयांच्या शंभर नोंदी येत नाहीत, फक्त चार भरणे दिसतात.

पंढरपूरची पोर

डोळे उघडले. मग हप्ता सुरू व्हायच्या आधीचे सहा महिने ६,६४० दर महिन्याला मोकळे राहतील, त्यातून स्कूटरचं डाउन पेमेंट करता येईल का? आणि ५०० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठराविक गुंतवणूक) तरी सुरू करावी असं सगळे म्हणतात.

जमाखर्च

मोकळे नाहीत. व्याज आत्ताही चढतंय. ४ लाखांवर १० टक्क्यांनी महिन्याला ३,३३३. सहा महिन्यांचे २०,००० मुद्दलात मिसळले की कर्ज ४.२ लाखांचं होतं आणि हप्ता ६,६४० ऐवजी ६,९७० च्या पुढे. सात वर्षांत २८,००० जास्त. तेव्हा पहिल्या पगारापासून ३,३३३ व्याजापोटी भरा. शाखेत जाऊन सांगा की ही रक्कम व्याजातच जमा करा, आणि शिक्षण चालू असतानाचं व्याज ४ लाखांत आधीच मिसळलंय की वेगळं उभं आहे ते विवरणपत्रावर बघा. वेगळं उभं असेल तर सुरुवात तिथून.

उरलेले ३,३०० निधीत. त्यात बजेटमधले ३,००० मिळवले की महिना ६,३००, सहा महिन्यांत ३८,००० च्या आसपास. लक्ष्य एक लाखाचं ठेवा, म्हणजे टाळता न येणाऱ्या खर्चाचे तीन महिने. प्रोबेशनमध्ये नोकरी गेली तर नोटीस पिरियड पंधरा दिवसांचाही असतो, ऑफर लेटरमध्ये बघा. पैसे आरडी किंवा एफडीत ठेवा, पगाराच्या खात्यात नको. बँक कुठलीही चालेल, एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. ऑफिसातली भिशी हा निधी नव्हे. आपला नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं आणि मधल्या कुणी नोकरी सोडली की सगळंच बारगळतं.

एसआयपीबद्दल इथे मतभेद होतील. निधी पन्नास हजारांवर जाईपर्यंत सुरू करू नये असं माझं मत.

वाकडकर

५०० ने बिघडत नाही, सवय लागते. फक्त तारीख १० नंतरची घ्या.

जमाखर्च

१,८१० हातखर्चातले ५०० म्हणजे पाव हिस्सा. पण असो, निधी मोडून एसआयपी भरायची वेळ आली की ती थांबवायची, एवढं तरी कबूल करा.

सदाशिवपेठी

स्कूटरवर येतो. एक लाखाची नवी, ८०,००० कर्ज, तीन वर्षं, १२ टक्के : हप्ता २,६५७. पेट्रोल रोज १६ किलोमीटर, २२ दिवस, लिटरला ४५ चा ॲव्हरेज, १०५ चा भाव : आठशेच्या वर. सर्व्हिसिंग वेगळं. साडेतीन हजार झाले. प्रवासाच्या खात्यात आहेत दोन.

बसचं बघा. पीएमपीच्या १ जून २०२५ पासूनच्या दरांत पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, १० किलोमीटरपर्यंत २०. वाकड ते फेज २ दुसऱ्या टप्प्यात बसेल, तेव्हा रोजचे ४०, महिन्याचे ८८०. महिन्याचा पास १,५०० चा आहे. २२ दिवसांनी भागलं तर दिवसाला ६८ च्या वर खर्च असेल तरच पास परवडतो; इतक्या जवळून नाही. सरसकट पास काढणारे इथेच फसतात. अधूनमधून शेअर रिक्षा धरूनही दोन हजारांत बसतं. कंपनीची बस असेल तर तिचे पैसे पगारातून कापतात का आणि बंद करायची सोय महिन्याच्या मध्ये आहे का, दोन्ही विचारा.

घरी जुनी स्कूटर पडून असेल तर ती आणा. महाराष्ट्राच्याच पासिंगची असल्यामुळे पुण्यात वेगळा रस्ता कर लागत नाही. विमा आणि पीयूसी चालू आहे ना, एवढं बघा. हिंजवडीच्या चौकात हेल्मेटची पावती फाडायला माणूस लागत नाही, कॅमेरा पुरतो.

पगारपत्रक

काकांच्या पॉलिसीचं राहिलंच. दोन वेगळे प्रश्न आहेत. वडील सहकर्जदार आहेत, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर ४ लाख त्यांच्या अंगावर. त्यासाठी साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घेणं योग्य, आणि तुमच्या वयात तो स्वस्त पडतो. काका जी आणतील ती बहुधा "पैसेही परत मिळतात" वाली असेल : वर्षाला २४,००० हप्ता, कव्हर जेमतेम अडीच-तीन लाख. तुमच्या बजेटमध्ये महिना २,००० ची जागा कुठेच नाही, आणि पहिल्याच वर्षी हप्ता थकला तर भरलेलं बहुतेक बुडतं. नात्यात "नाही" म्हणणं जड जात असेल तर "कर्ज फिटेपर्यंत टर्मच, बाकी नंतर बघू" एवढंच सांगा. सही करून बसलातच, तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात.

आरोग्य विम्यात कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. आई-वडिलांना त्यात घ्यायची सोय असेल तर प्रीमियम बहुतेक वेळा तुमच्या पगारातून जातो. रुजू झाल्यावर नाव घालायची खिडकी थोडेच दिवस उघडी असते, ती चुकली तर वर्षभर थांबावं लागतं. घरच्यांना साखर किंवा बीपी असेल तर ही खिडकी अजिबात सोडू नका. स्वतंत्र पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते, ग्रुपमध्ये बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. आई-वडिलांचा प्रीमियम पगारातून कापायला लागले की तो हातखर्च आणि वार्षिक डब्यातून वाटून घ्यावी लागेल, तेव्हा एचआरला आकडा आधीच विचारा.

पगार खात्याबरोबर क्रेडिट कार्ड गळ्यात पडतंच. घ्या, पण बिल पूर्ण भरणार असाल तरच. २०,००० च्या बिलावर "किमान रक्कम" १,००० भरली तर उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७८५. शिवाय नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज चालू.

पंढरपूरची पोर

एचआरचं उत्तर आलं. पीएफ मर्यादेवर, १,८००. पण फॉर्म ११ (पीएफसाठीचं घोषणापत्र) भरायला पाठवलाय आणि त्यात पीएफ नको असेल तर तसं लिहा म्हणाले. न घेतला तर हातात १,८०० वाढतील. घ्यावा की नको?

पगारपत्रक

बेसिक १५,००० च्या वर आहे आणि तुम्ही आधी कधीच पीएफच्या सदस्य नव्हता, म्हणून ही निवड तुम्हाला मिळते. एकदा सदस्य झालात की पुढच्या नोकरीत ती राहत नाही. आधी इंटर्नशिपला कुणी पीएफ कापला असेल तर फॉर्मवर तो यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या, नवा काढला की पुढे दोन जोडत बसावे लागतात.

घ्या, असंच सांगेन. तुमच्या १,८०० बरोबर कंपनीचे १,८०० जमा होतात; नाकारलात तर कंपनीचा वाटा भत्ता म्हणून देतात की गायब होतो, ते आधी लेखी विचारा. २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के होतं, आरडीत तेवढं मिळत नाही. नोकरी बदलताना काढून घेऊ नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढले तर ते करपात्र धरतात.

पासबुक दिसायला लागलं की पेन्शनचा रकाना शून्य दिसेल. घाबरून तक्रार करू नका. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वर बेसिकने पहिल्यांदा रुजू होणाऱ्यांना पेन्शन योजना लागू नाही, कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्येच जातो. उलट तिथे १,२५० दिसले तर मात्र एचआरला लगेच सांगा, ते दुरुस्त करायला नंतर फार पत्रव्यवहार होतो.

आणि ई-नॉमिनेशन (पीएफला वारसाचं नाव ऑनलाइन लावणं) पहिल्याच महिन्यात करा. आधार, पॅन आणि बँक खात्यावर नावाचं स्पेलिंग एकच हवं, वडिलांच्या नावासकट. आत्ता आई-वडिलांची नावं घाला. लग्न झालं की हे नॉमिनेशन रद्द धरतात, तेव्हा नव्याने भरावं लागेल.